कोणत्या जिल्ह्याचं पाणी चांगलं?

‘पाणी लागणं’ हा आपल्या भाषेतला खास प्रयोग आहे. बदली होऊन आलेल्या गुरुजींचं महिनाभरात पोट बिघडलं की गाव म्हणतं, ‘गुरुजींना इथलं पाणी लागलं.’ लेक सासरहून आली आणि अंगाने भरलेली दिसली की शेजारणी म्हणतात, ‘तिकडचं हवापाणी मानवलं हो हिला.’ उर्दूत हवामानाला शब्दच आहे ‘आबोहवा’. आब म्हणजे पाणी. मराठीने हवा आधी घेतली, उर्दूने पाणी. पण गावागावाचं पाणी वेगळं असतं आणि ते माणसाला मानवतं किंवा बाधतं, हे प्रयोगशाळा नव्हत्या तेव्हापासून दोन्हीकडच्या आयाबायांना ठाऊक होतं.

आता प्रयोगशाळा आहेत. त्यांचे अहवाल येतात, आणि वर्तमानपत्रांत अधूनमधून जिल्हानिहाय यादी छापून येते. अमुक जिल्ह्यात इतके टक्के नमुने दूषित, तमुक जिल्ह्यात इतके. आपण दहावीचा निकाल पाहावा तशी ती पाहतो. आधी आपला जिल्हा शोधतो, मग शेजारचा. आपला खाली असला की बरं वाटतं. महाराष्ट्रात आज ३६ जिल्हे आहेत. या ३६ जणांत पाण्याच्या बाबतीत पहिला कोण आणि शेवटचा कोण, हे खरंच ठरवता येतं का? मी कलाशाखेचा पदवीधर, त्यातून कवितेत रमणारा माणूस. पण ही आकडेमोड मोठी नाही, आणि ती समजून घेतली तर त्या यादीकडे पाहण्याची नजर बदलते.

आधी ‘चांगलं पाणी’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं ‘आयएस १०५००’ नावाचं मानक आहे. त्याची सध्याची आवृत्ती २०१२ची. फ्लोराईड एका लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं ते सांगतं. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, यात मात्र सवलत नाही. एकूण विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम, नाइलाज असेल तर २००० पर्यंत. आणि ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये.

मिलिग्रॅम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काही येत नाही. म्हणून दहा हजार लिटरचा टँकर घ्या. उन्हाळ्यात तो बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्या अख्ख्या टँकरमध्ये १५ ग्रॅम फ्लोराईड, म्हणजे चहाचे तीनेक चमचे, मिसळलं की दीड मिलिग्रॅमची मर्यादा गाठली. नायट्रेटचं म्हणाल तर साडेचारशे ग्रॅम, अर्ध्या किलोलाही कमीच. आणि क्षारांची दोन हजारांची मर्यादा म्हणजे त्याच टँकरमध्ये २० किलो. वीस किलो क्षार जिभेला लगेच कळतात. पाणी मचूळ लागतं, डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण ते तीन चमचे कुणालाच कळत नाहीत. पाणी काचेसारखं स्वच्छ असतं, चवीला गोड असतं, आणि गावातल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडत जातात.

म्हणजे जिभेचा निकाल आणि प्रयोगशाळेचा निकाल एक असेलच असं नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. पाण्यातले दोष एका जातीचे नसतात. काही दोष जिवंत असतात, ते जंतू. दोन दिवसांत माणूस आडवा करतात. गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर. काही दोष विरघळलेले असतात, खडकातून किंवा शेतातून आलेले. त्यांना घाई नसते. फ्लोराईड दहा-पंधरा वर्षं घेतं आणि मग एक दिवस पन्नाशीच्या माणसाला मान वळवता येत नाही. आता एका जिल्ह्यात जंतू जास्त आणि दुसऱ्यात फ्लोराईड जास्त, तर कुणाला वरचा क्रमांक द्यायचा? काविळीच्या साथीतून किती वजा केले म्हणजे वाकलेला कणा येतो? अशी बेरीज-वजाबाकी होत नाही. एका आकड्यात जिल्ह्याचं पाणी सांगणारी यादी पहिल्या पायरीवरच अडखळते.

तरीही जिल्ह्या-जिल्ह्यांत फरक आहे, तो खरा आहे आणि त्याला कारणंही आहेत. पहिलं कारण पायाखालचा खडक. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा आहे. लाव्ह्याचे थरावर थर. यातलं पाणी भेगांतून झिरपतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून ते बरंचसं जड असतं. मराठवाड्यात चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर तो हाच. कोकणात जांभा आणि धो धो पाऊस. तिथलं पाणी क्षारांनी हलकं, किंचित आम्लधर्मी, कुठे लोहाने तांबूस होणारं, आणि खाडीकाठच्या विहिरींत खारं. विदर्भाच्या पूर्वेला गेलात की काळा पाषाण संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक सुरू होतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूरचा काही भाग. नांदेड जिल्ह्याचा तेलंगणाला लागलेला पट्टाही ग्रॅनाईटसारख्या जुन्या खडकाचा आहे. या जुन्या खडकांत फ्लोराईड असलेली खनिजं असतात, आणि राज्यात फ्लोराईडचं नाव निघालं की चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ही नावं पुन्हा पुन्हा निघतात.

इथे एक उलटी गोष्ट आहे. जड पाण्याला आपण नावं ठेवतो, पण पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराईडला धरून ठेवतं, विरघळू देत नाही. फ्लोराईड वाढतं ते कॅल्शियम कमी असलेल्या, अल्कधर्मी, म्हणजे पुष्कळदा चवीला छान लागणाऱ्या पाण्यात. आणि जमिनीत जितकं खोल जावं, पाणी खडकाशी जितकी वर्षं बिलगून राहिलेलं असावं, तितकं ते वाढण्याची शक्यता जास्त.

यामुळे घडलेली गोष्ट मला आपल्या ग्रामीण इतिहासातली मोठी शोकांतिका वाटते. एकेकाळी खेड्यांत उघड्या, पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी पीत. त्यातून नारू व्हायचा. आज साठीच्या पुढे असलेल्यांना पायातून निघणारा तो धाग्यासारखा किडा आठवत असेल. पटकी व्हायची. मग १९७२चा दुष्काळ पडला, खोदाईची यंत्रं गावोगाव फिरली आणि बोअरवेलवर हातपंप बसले. देशभर पसरलेला ‘इंडिया मार्क टू’ हातपंप सोलापूरच्या पंपावरून घडवला गेला, ही आपल्याकडची गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. हातपंपाचं पाणी झाकलेलं, त्यात कुणी पाय बुडवत नाही. नारू गेला. देशातला शेवटचा रुग्ण १९९६मध्ये नोंदला गेला आणि २०००मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. हे यश लहान नाही. पण खोल खडकातलं तेच झाकलेलं पाणी काही गावांत फ्लोराईड घेऊन वर आलं. जंतूंपासून वाचवायला खणलेल्या बोअरने काही पिढ्यांचे दात आणि हाडं नेली. यात कुणाचा दुष्ट हेतू नव्हता. खणताना पाणी लागलं याचाच आनंद एवढा असे की ते कसलं आहे, हे तपासायचं राहून गेलं.

उथळ विहिरींची कहाणी वेगळी. तिथे खडकापेक्षा माणसाचा हात जास्त दिसतो. शेतात टाकलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, संडासचे शोषखड्डे, या सगळ्यांतून नायट्रेट झिरपतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात देशभरातल्या १५,२५९ ठिकाणच्या पाण्याचा हिशेब आहे. त्यात सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. असं नायट्रेट सापडलेले जिल्हे २०१७मध्ये ३५९ होते, ते २०२३मध्ये ४४० झाले. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा बराच वर, ३५ टक्क्यांच्या पुढे आहे. त्या अहवालाने विशेष काळजीचे म्हणून देशातले १५ जिल्हे काढून दाखवले, त्यांतले सात आपले निघाले: वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव. नकाशावर ठेवून पाहा, कापसाचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. खताच्या गोणीवर आणि कर्जावर चालणारी शेती जिथे आहे तिथेच विहिरीत नायट्रेट आहे, हा माझ्या मते योगायोग नाही.

नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला. आईचं दूध पिणारं बाळ बहुधा सुरक्षित राहतं. पण पावडरचं दूध विहिरीच्या पाण्यात कालवून बाटलीने पाजलं, तर नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळसर पडू लागतं. घरातली आजी अशा वेळी सांगते, ‘पाणी चांगलं उकळून घे गं.’ जंतूंसाठी हा सल्ला लाख मोलाचा. नायट्रेटसाठी मात्र उलटा. पाण्याची वाफ होऊन जाते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेट अधिक दाट होतं. दोष कुठला हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही, तो असा.

आता ३५ टक्के म्हटलं म्हणजे राज्यातले ३५ टक्के लोक हे पाणी पितात का? नाही. तो आकडा निरीक्षणासाठी निवडलेल्या विहिरींचा आहे, घरातल्या नळाचा नाही. त्याच अहवालात आणखी एक गंमत आहे. पावसाळ्याचा परिणाम पाहण्यासाठी काही निवडक विहिरी पुन्हा तपासल्या, तर तिथे मर्यादेबाहेरचे नमुने पावसाळ्याआधी सुमारे ३१ टक्के आणि पावसाळ्यानंतर जवळजवळ ३३ टक्के निघाले. एकच देश, एकच वर्ष, एकच अहवाल. एकीकडे वीस टक्के आणि दुसरीकडे तेहतीस. खोटं काहीच नाही. विहिरी वेगळ्या, ऋतू वेगळा. पाऊस पडला की पाणी धुऊन स्वच्छ होतं असं आपण धरून चालतो, पण पाऊस शेतातलं आणि उकिरड्यातलं नायट्रेटही खाली नेतो. तेव्हा दोन जिल्ह्यांची तुलना करताना एकाचे नमुने मे महिन्यातले आणि दुसऱ्याचे नोव्हेंबरमधले असतील, तर ती तुलना नव्हे.

टक्केवारीची दुसरी खोड. समजा, एका जिल्ह्याने हजार नमुने तपासले आणि पन्नास वाईट निघाले. शेजारच्याने शंभरच तपासले, तेही बहुतेक तालुक्याच्या गावातले, आणि दोन वाईट निघाले. बातमीत पहिला जिल्हा पाच टक्क्यांनी बदनाम, दुसरा दोन टक्क्यांनी शाबासकीचा धनी. खरं पाहता पहिल्याने पन्नास गावांना वेळेत सावध केलं. दुसऱ्याच्या किती गावांचं पाणी बाटलीत भरलंच गेलं नाही, ते त्या दोन टक्क्यांत दिसत नाही. यादीत नाव खाली जाऊ नये म्हणून नमुनेच कमी घ्यायचे, असा मोह कुणाला झाला तर नवल नाही. म्हणून यादी पाहताना टक्क्यांच्या आधी किती नमुने घेतले तो रकाना पाहावा. तो छापलेला नसेल तर ती यादी बाजूला ठेवलेली बरी.

आणि मुळात जिल्हा म्हणजे तरी काय? ती महसूल खात्याने आखलेली रेघ. पाण्याला ती ठाऊक नसते. बुलढाणा जिल्हाच घ्या. दक्षिणेला लोणारचं उल्कापाती सरोवर. त्याचं पाणी इतकं अल्कधर्मी की पिण्याचा प्रश्नच नाही. आणि त्याच विवराच्या काठावर गोमुखाची धार, बाराही महिने पडणारं गोडं पाणी. दोहोंमध्ये अंतर किती, तर पायी उतरून जाण्याएवढं. उत्तरेला शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. तिथे पूर्णा नदीचं खोरं लागतं, अमरावती आणि अकोल्यापासून चालत आलेला खारपाणपट्टा. जवळजवळ पावणेपाच लाख हेक्टरचा हा पट्टा शेकडो मीटर जाडीच्या गाळाचा आहे. पाण्याचा निचरा मंद, खाली जुने क्षार साठलेले. विहीर खणावी तर पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. आता या सगळ्यांची सरासरी काढून ‘बुलढाणा जिल्ह्याचं पाणी’ म्हणून जो आकडा मिळेल, तसं पाणी जिल्ह्यातल्या एकाही गावात नसेल. अमरावतीचंही तेच: मेळघाटातले झरे, दर्यापूरचं खारं पाणी आणि वरुड-मोर्शीच्या संत्र्यांसाठी खोल खोल गेलेल्या बोअर, हे सगळं एका जिल्ह्यात.

बुलढाण्याचा विषय निघाला आहे तर २०२५च्या जानेवारीतली गोष्ट आठवावी. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा वगैरे गावांत माणसांचे केस अचानक गळून टक्कल पडू लागलं. पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले, तर नायट्रेट आणि क्षार जास्त निघालेच. अनेकांनी तिथेच निकाल लावून टाकला. पण नायट्रेटने टक्कल पडत नाही. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासात संशयाची सुई रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे वळली. पाणी त्या गावांचं वाईट होतंच, फक्त त्या दिवशीचा गुन्हा त्याचा नव्हता. मला यात वाईट याचं वाटलं, की केस गळाले म्हणून त्या गावांचं पाणी देशभर गाजलं. केस गळण्याआधी ते लोक तेच पाणी वर्षानुवर्षं पीत होते, तेव्हा त्याची बातमी नव्हती.

आता ‘चांगल्या पाण्याच्या’ जिल्ह्यांकडे वळू. कोल्हापूर म्हणजे पाण्याने श्रीमंत. फ्लोराईडच्या, खारेपणाच्या यादीत हे नाव सहसा येत नाही. त्याच जिल्ह्यात इचलकरंजीला २०१२मध्ये काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. पुणे तर धरणांच्या कुशीतलं शहर. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागतं, असा हा आजार. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले, आणि संशय दूषित पाण्यावर आला. रुग्णांची संख्या पुढे राज्यात दोनशेच्या आसपास गेली. गाव शहरात आलं, घरांचे मजले वाढले, पण विहिरीचं पाणी शुद्ध करण्याची सोय मागेच राहिली, असं ते चित्र होतं. महापालिकेने त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले. ज्या जारच्या पाण्यावर मध्यमवर्ग डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो जार कुठे भरला जातो हे अनेकांनी तेव्हा पहिल्यांदा विचारलं.

मुंबईचं तर जिल्हा म्हणून स्वतःचं पाणी जवळजवळ नाहीच. तानसा, मोडकसागर, भातसा, वैतरणा ही सगळी धरणं ठाणे, पालघर, नाशिक जिल्ह्यांत. मुंबईचा नळ ‘उत्तम’ या शेऱ्याने पास होतो आणि ते पाणी जिथून येतं त्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, डबक्यातलं पाणी गाळून पितात. तुलनेच्या तक्त्यात मुंबई वर आणि ठाणे-पालघर खाली, असं दिसलं तर त्यातून पाण्याची गुणवत्ता कळत नाही. पाणी कुणाचं आणि नळ कुणाचा, एवढंच कळतं.

चांगलं पाणी दुरून आणणं हा उपाय मात्र जुना आणि खरा आहे. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातलं झिरपतं पाणी भुयारी नहरींनी शहरात आणलं. नहर-ए-अंबरी म्हणतात ती हीच. खारपाणपट्ट्यातही शेवटी हाच मार्ग घ्यावा लागला. गावात कितीही खणलं तरी खारंच लागणार, म्हणून सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून नळ टाकून अकोला जिल्ह्यात ८४ खेडी योजना झाली. फ्लोराईडच्या गावांनाही पहिला सल्ला हाच दिला जातो: स्रोत बदला. ते जमत नसेल तर शुद्धीकरण. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराईड खाली बसवण्याची स्वस्त रीत शोधली. ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं, डोकं आपल्या नागपूरचं. ती चालवायला रोज कुणीतरी मोजून-मापून मिसळावं लागतं, आणि यंत्र बसवल्याच्या फोटोनंतर ते ‘कुणीतरी’ कोण, हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी अनुत्तरित राहतो.

घरच्या घरी करायच्या उपायांबद्दल थोडक्यात. तुरटी गढूळपणा बसवते, जंतूंची खात्री देत नाही, नायट्रेटला हात लावत नाही. उकळणं आणि क्लोरीन जंतूंसाठी. फ्लोराईड, नायट्रेट, क्षार यांच्यावर त्यांचा उपयोग नाही. कापडाने गाळणं नारूच्या दिवसांत फार कामाचं होतं, आज तेवढ्यावर थांबू नये. आरओ यंत्र हे तिन्ही विरघळलेले दोष काढतं, पण बरंच पाणी वायाही घालवतं, म्हणून ज्या पाण्यात असा दोषच नाही तिथे ते लावणं म्हणजे पैसा आणि पाणी दोन्हींची नासाडी. शेजाऱ्याने बसवलं म्हणून आपण बसवायचं, यापेक्षा आधी तपासणी करून घ्यावी.

ही तपासणी कोण करतं? ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, तो नमुने गोळा करतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि त्याखालीही आहेत. २०१९मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संच हाताळायला शिकवायचं ठरलं. नळाला क्लोरीन आहे की नाही हे ओटी टेस्टने जागेवर कळतं: दोन थेंब टाकले, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे, नाही झालं तर टीसीएल पावडर एक तर टाकलेली नाही किंवा उघडी राहून तिची ताकद गेलेली आहे. शिवाय पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. ही पद्धत मला आवडते, कारण ती जिल्ह्याला नाही, गावाला निकाल देते. मात्र ते कार्ड मुख्यतः स्वच्छतेचं आहे: विहिरीभोवती चिखल आहे का, गळती आहे का, टीसीएलचा साठा आहे का. हिरवं कार्ड असलेल्या गावाच्या बोअरमध्ये फ्लोराईड असू शकतं. ते रासायनिक तपासणीतच कळणार.

तेव्हा गावात विचारायचं ते असं. आमच्या पिण्याच्या स्रोताची रासायनिक तपासणी शेवटची कधी झाली? ती वर्षातून एकदा व्हायला हवी. जैविक तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. अहवाल ग्रामपंचायतीत असतो, तो ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगता येतो. त्यावर शेवटी ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा शेरा असतो, पण शेऱ्यावर न थांबता फ्लोराईड, नायट्रेट आणि एकूण क्षार हे तीन आकडे वाचावेत, आणि नमुना कोणत्या विहिरीचा किंवा कोणत्या हातपंपाचा आहे तेही पाहावं. गावात चार हातपंप असतील तर चारांचे आकडे चार असतात. एक वाईट आणि शंभर पावलांवरचा दुसरा चांगला, असंही निघतं.

आपल्या घरच्या विहिरीचं पाणी तपासायला द्यायचं असेल तर जंतूंसाठीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी, तोंडाला बोट लावू नये, आणि भरल्यावर थंड ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी. क्षारांसाठी लिटरभराची स्वच्छ प्लास्टिकची बाटली, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून, काठोकाठ भरून. हातपंपाचं असेल तर आधी काही मिनिटं पाणी उपसून सोडून द्यावं, नळीत साठलेलं घेऊ नये. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख लिहावी. जिल्ह्याचं नाव सर्वांत शेवटी.